कवळीचा भार नेमका कोणावर? मोकळ्या जागांचे केनेडी वर्गीकरण आणि आंशिक कवळीचा आधार

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. या धाग्याचा विषय काढता-घालता येणाऱ्या आंशिक कवळीपुरता, म्हणजे आपल्याकडे रुग्ण जिला सरसकट ‘प्लेट’ म्हणतात तिच्यापुरता मर्यादित ठेवावा, अशी विनंती आहे.

लातूर, औसा, निलंगा या पट्ट्यातून येणाऱ्या जुन्या प्लेटी पाहिल्या, की एक गोष्ट चटकन लक्षात येते. एका बाजूची एकच दाढ गेलेली असो किंवा दोन्ही बाजूंच्या सगळ्या दाढा गेलेल्या असोत, प्लेटची घडण तीच असते: गुलाबी अ‍ॅक्रिलिकची पट्टी, कडेच्या दातांना गोल तारेचे हूक आणि मध्ये हवे तितके दात. पहिल्या रुग्णाची प्लेट बरी चालते. दुसऱ्याची काही महिन्यांत डब्यात जाते आणि ‘मला कवळी सोसत नाही’ असे तो स्वतःलाच दोष देत सांगतो. या दोघांच्या तोंडातला फरक कागदावर चार खुणांत मांडता येतो, आणि तो मांडला की कवळीची निम्मी आखणी तिथेच होते, असे माझे ठाम मत आहे.

एका जबड्यात सोळा दात धरले आणि प्रत्येक दात आहे किंवा नाही एवढाच विचार केला, तर 65,536 शक्यता होतात. त्यांतून सगळे दात असलेली आणि एकही नसलेली अशा दोन वजा केल्या तरी 65,534 उरतात. इतक्या प्रकारांसाठी वेगवेगळे नियम कोणी करू शकत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कमर, केनेडी, बेलिन अशा अनेकांनी वर्गवारी सुचवली. त्यांतील न्यूयॉर्कचे दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांची 1925 ची पद्धत टिकली, कारण जबड्याकडे एकदा पाहिले की वर्ग सांगता येतो.

पहिल्या वर्गात उरलेल्या दातांच्या मागे दोन्ही बाजूंना जागा मोकळी असते. दुसऱ्या वर्गात तीच स्थिती एकाच बाजूला असते. तिसऱ्या वर्गात मोकळी जागा एका बाजूला असते, पण तिच्या पुढेही दात असतो आणि मागेही असतो. चौथ्या वर्गात पटाशीच्या दातांची, मध्यरेषा ओलांडून जाणारी एकच सलग जागा मोकळी असते आणि उरलेले सगळे दात तिच्या मागे असतात. क्रमांक देताना केनेडी यांनी कोणता प्रकार अधिक आढळतो, हेही काही अंशी विचारात घेतले होते. मात्र त्या क्रमाचा व्यवहारात फारसा उपयोग नाही. उपयोग आहे तो या प्रश्नाचा: मोकळ्या जागेच्या मागच्या टोकाला दात आहे की नाही?

निसर्गतः दात हाडात घट्ट रोवलेला नसून साधारण पाव मिलिमीटर जाडीच्या तंतूंवर तोललेला असतो, त्यामुळे घास चावताना तो केसभर दबतो. दात गेलेल्या जागेवरची हिरडी सुमारे दोन मिलिमीटर जाड असते आणि ती त्याच्या कित्येक पट अधिक दबते. तिसऱ्या वर्गात कवळीची दोन्ही टोके दातांवर टेकतात, म्हणून भार दातांमार्फत हाडाकडे जातो आणि हिरडीवर फारसा येत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गांत पुढचे टोक दातावर आणि मागचे टोक हिरडीवर असते. एक पाय फरशीवर आणि दुसरा ओल्या काळ्या मातीत असलेल्या बाजेवर बसल्यावर जे होते, तेच इथे प्रत्येक घासाला होते. कवळी शेवटच्या दाताभोवती फिरते आणि त्या दाताला हूक घट्ट आवळलेला असेल, तर दात मागच्या बाजूला ओढला जातो. दात हलू लागला की हूक आणखी आवळला जातो, आणि शेवटी आधाराचा दातच काढावा लागतो. म्हणजे पहिल्या वर्गाच्या रुग्णाला तिसऱ्या वर्गाची कवळी दिली, की तो हळूहळू पूर्ण कवळीकडे ढकलला जातो.

चौथ्या वर्गाचे दोन चेहरे आहेत. पुढचे दोन दात गेले असतील, तर कवळी दातांवरच तोलली जाते. सुळ्यांसकट सहा दात गेले असतील, तर पुढच्या कमानीचा फुगवटा आधाररेषेच्या, म्हणजे दोन्हीकडच्या आधाराच्या दातांना जोडणाऱ्या रेषेच्या, बाहेर जातो, आणि मग पुढून चावताना कवळीचा मागचा भाग उचलला जातो.

आपापल्या गावचे अनुभव आणि शंका लिहाव्यात.

परीक्षार्थी_संभाजीनगर

सर, लेख आवडला. दोन शंका आहेत. खालच्या डाव्या बाजूच्या तिन्ही दाढा नाहीत आणि उजवीकडची फक्त पहिली दाढ नाही, अशा रुग्णात उजवीकडची जागा तिसऱ्या वर्गासारखी दिसते. मग वर्ग दोन म्हणायचे की तीन? दुसरे असे, की वरच्या जबड्यात दुसरी दाढ आणि अक्कलदाढ दोन्ही बाजूंना नाहीत आणि बाकी सगळे दात आहेत. हा पहिला वर्ग मानून कवळी द्यायची का? आमच्या गटात यावरून वाद चालू आहे.

मांजराकाठ (लातूर)

@परीक्षार्थी, दोन्ही शंकांची उत्तरे अ‍ॅपलगेट यांनी 1954 मध्ये केनेडी पद्धतीला जोडलेल्या आठ नियमांत आहेत. ते आठही पाठ करण्यापेक्षा त्यामागचा हेतू समजून घेतलेला बरा.

सर्वांत मागची मोकळी जागा वर्ग ठरवते. म्हणून आपला पहिला रुग्ण वर्ग दोनमध्ये जातो आणि उजवीकडची जागा ‘मॉडिफिकेशन एक’, म्हणजे वर्ग ठरवणाऱ्या जागेखेरीजची एक जादा मोकळी जागा, म्हणून नोंदवायची. मॉडिफिकेशन किती दातांची आहे, हे पाहायचे नाही. अशा जागा किती आहेत, एवढेच मोजायचे. चौथ्या वर्गाला मॉडिफिकेशन नसते, कारण मागे दुसरी जागा मोकळी असली की तीच वर्ग ठरवते आणि चौथा वर्ग उरतच नाही. आपल्या या रुग्णाची उजवीकडची जागा तर उपयोगीच आहे, कारण तिच्या दोन्ही कडांच्या दातांवर टेकण (रेस्ट, म्हणजे दातावर टेकून त्याला भार देणारे कवळीचे टोक) घेता येते आणि डावीकडच्या लोंबत्या बाजूला तोल देणारे आणखी बिंदू मिळतात.

दुसऱ्या शंकेबाबत: जी दाढ बसवायचीच नाही, ती वर्गीकरणात धरायची नाही. अक्कलदाढ नसेल तर ती जागा मोकळी समजत नाहीत. पण ती असेल आणि तिच्यावर कवळी टेकवायची असेल, तर ती धरावीच लागते. समोरच्या जबड्यातही दुसरी दाढ नसेल, तर वरची बसवून ती कशावर चावणार? तेव्हा ती जागा सोडून द्यावी. आणखी एक गोष्ट परीक्षेत विसरली जाते: जे दात काढायचे ठरले आहेत ते काढल्यानंतरच वर्ग लिहावा. हलणारी शेवटची दाढ ‘सध्या आहे’ म्हणून तिसरा वर्ग लिहिला, कवळीचा धातूचा सांगाडा ओतून आणला आणि मग ती दाढ पडली, तर सगळा खर्च पाण्यात गेलाच म्हणून समजा.

बालाघाट

आपले म्हणणे शास्त्राला धरून आहे, परंतु तालुक्याच्या ठिकाणी बसून ते पाळणे अवघड जाते, हे नमूद करू द्या. माझ्याकडे केज, धारूर, वडवणीकडचे ऊसतोड कामगार येतात. दिवाळीच्या आसपास टोळी कारखान्यावर गेली, की माणूस उन्हाळ्याच्या तोंडावरच परततो. मधल्या काळात कवळी टोचली तर घासून द्यायला तिथे कोणी नसते. त्याला दोन-तीन खेपांत काम हवे असते आणि खिशातले पैसे उचलीतले असतात. क्रोम-कोबाल्टच्या ओतीव सांगाड्याचा दर ऐकून तो उठून जातो. मी अ‍ॅक्रिलिकची प्लेट दिली नाही, तर तो बाजारातल्या अर्धवट शिकलेल्या माणसाकडून दात चिकटवून घेतो. तेव्हा वर्ग कोणताही असो, प्लेट द्यावीच लागते. अलीकडे काही जण लवचीक नायलॉनची कवळी मागतात. ती दिसायला छान असते आणि तारा दिसत नाहीत. ती पहिल्या वर्गात चालेल का, हेही सांगावे.

आणखी एक निरीक्षण. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांच्या खालच्या पुढच्या दातांभोवतीची हिरडी पुष्कळदा खाली सरकलेली असते. पुस्तकात आधारदात म्हणून जो धडधाकट दात काढलेला असतो, तो माझ्या खुर्चीत क्वचितच बसतो.

साचेकार_नांदेड

मी दंतवैद्य नाही. दातांची प्रयोगशाळा चालवतो. आधार कुठे हुकतो, ते आमच्या टेबलावर सर्वांत आधी दिसते, म्हणून लिहितो.

साच्याबरोबर जी चिठ्ठी येते तिच्यावर बहुतेक वेळा ‘लोअर पार्शल’ आणि दातांची शेड, एवढेच असते. वर्ग नाही, टेकण कोठे घ्यायचे ते नाही, हूक कोणत्या दाताला ते नाही. साचा हातात घेऊन दाढेच्या कडेवर बोट फिरवले तर ती सपाट लागते, म्हणजे डॉक्टरांनी रेस्टसाठी खाच घेतलेलीच नसते. मग आमच्यापुढे दोन मार्ग उरतात. रेस्ट पुरेसा जाड केला, तर तो समोरच्या दाताला लागतो, तोंड मिटत नाही, आणि डॉक्टर तो घासून कागदासारखा पातळ करतात. तो दाढेच्या कडेवरच तुटतो. किंवा रेस्ट गाळून टाकायचा. तसे केले, की धातूचा महाग सांगाडासुद्धा अ‍ॅक्रिलिकच्या प्लेटसारखा हिरडीत रुतत जातो आणि दोष ओतकामाला लागतो.

खाच चांगली घेतलेली असेल तर साच्यावरही ओळखता येते. दाढेच्या कडेपाशी ती रुंद, साधारण अडीच मिलिमीटर, आणि आत निमुळती होत गेलेली असते. कड दीड मिलिमीटरच्या आसपास उतरवलेली असते, आणि तळ चमच्यासारखा असून त्याचा सर्वांत खोल भाग दाताच्या मध्याकडे असतो. सांगाड्याच्या उभ्या दांडीशी रेस्टचा कोन काटकोनापेक्षा कमी लागतो. तळ बाहेरच्या बाजूला उतरता असेल, तर चावताना रेस्ट घसरतो आणि दाताला बाजूला रेटतो. किनवट भागातल्या फ्लोराइडच्या पाण्याने खड्डे पडलेल्या दातांचे साचे येतात, तेव्हा खाचेचा काठ तुटका दिसतो. असा दात आधी भरून किंवा कॅप करून घेतलेला बरा, असे आम्ही डॉक्टरांना कळवतो.

दुसरी अडचण खालच्या जबड्यात दातांच्या आतून जाणाऱ्या पट्टीची. पट्टी हिरडीच्या काठापासून तीन-चार मिलिमीटर खाली हवी आणि तिची स्वतःची उंची चार-पाच मिलिमीटर. म्हणजे जिभेखालच्या तळापर्यंत सात-आठ मिलिमीटर जागा लागते. तेवढी नसेल तर दातांच्या मागच्या अंगावर चढणारा पत्रा द्यावा लागतो. ही जागा तोंडात जीभ उचलायला लावून मोजायची असते. साच्यावर ती आम्हाला खरी दिसत नाही.

मांजराकाठ (लातूर)

साचेकारांनी लिहिलेला प्रतिसाद आमच्या इंटर्न मंडळींना वाचायला देणार आहे.

@बालाघाट, आपली अडचण खरी आहे, आणि अ‍ॅक्रिलिक मुळीच देऊ नये असे मी म्हणत नाही. वरचा आणि खालचा जबडा मात्र वेगळा मोजावा. दात नसलेल्या वरच्या जबड्यात कवळी पेलणारे क्षेत्र सरासरी 23 चौरस सेंटिमीटर भरते आणि खालच्या जबड्यात जेमतेम 12. उलट सर्व दात असताना एका जबड्यातील दातांभोवतीचे तंतू सुमारे 45 चौरस सेंटिमीटरवर भार घेतात. वर टाळूचे कडक हाड आहे. तिथे अ‍ॅक्रिलिकने पुरेसा टाळू झाकला, तर रेस्ट नसतानाही भार पसरतो आणि प्लेट वर्षानुवर्षे चालू शकते. खाली टाळू नाही, फक्त नालासारखी हाडाची अरुंद कड आहे. म्हणून रेस्ट नसलेली अ‍ॅक्रिलिकची प्लेट वर तडजोड म्हणून मान्य करता येते. खाली तीच प्लेट दातांच्या मानेवरची हिरडी खरवडत खाली उतरते.

खर्च परवडत नसेल तेव्हा खालच्या प्लेटलाही जाड स्टीलच्या तारेचे टोक चपटे करून टेकण देता येते. ओतीव रेस्टची सर त्याला नाही, तरी प्लेट रुतण्याचा वेग कमी होतो, आणि त्यासाठी जास्तीची खेपही लागत नाही. तिसऱ्या वर्गात एवढ्यावर पुष्कळ भागते. नायलॉनच्या कवळीचे म्हणाल, तर तिचा लवचीकपणा हाच पहिल्या वर्गात तिचा दोष ठरतो. ती वाकते, तिला रेस्ट नसतो, आणि सगळा भार मागच्या हिरडीवर एका जागी उतरतो. पुढचा एखादा दात दिसण्यापुरता हवा असेल, तिथे तिचा उपयोग करावा.

पहिल्या वर्गात एक तिसरा पर्यायही असतो, तो म्हणजे कवळी न देणे. नेदरलँड्सच्या कायसर यांनी 1981 मध्ये दाखवले, की दोन्ही बाजूंना उपदाढांपर्यंत (सुळ्यामागच्या लहान दाढांपर्यंत) दात चांगले आणि समोरासमोर असतील, तर पुष्कळ माणसांचे चावणे पुरेसे होते. ऊसतोडीला निघालेल्या, चारही बाजूंच्या उपदाढा शाबूत असलेल्या माणसाला टोचणारी प्लेट देण्यापेक्षा उरलेल्या दातांभोवतीची हिरडी साफ करून पाठवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. ज्वारीची कडक भाकरी त्याला कालवणात कुस्करून खावी लागेल, हे मात्र आधी सांगावे.

जिंतूरकर

मी या क्षेत्रातला नाही. माझ्या आईच्या तोंडाची स्थिती वर वाचलेल्या पहिल्या वर्गासारखी वाटते, म्हणून विचारतो. वर पूर्ण कवळी आहे. खाली फक्त पुढचे सहा दात आहेत आणि दोन्ही बाजूंच्या दाढांसाठी प्लेट आहे. खालची प्लेट टोचते म्हणून आई ती जेवताना काढून ठेवते आणि पुढच्या दातांनीच चावते. आता वरची कवळीही सैल झाली असून, वरच्या पुढच्या भागातली हिरडी बोटाने दाबली की हलते. वरची कवळी नवीन केली म्हणजे प्रश्न सुटेल का?

मांजराकाठ (लातूर)

@जिंतूरकर, तोंड न पाहता निदान करणे योग्य नाही. आईंना प्रत्यक्ष दाखवावे. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा लातूर-नांदेडच्या दंत महाविद्यालयांत कवळ्यांचे काम करणारे विभाग आहेत. मात्र आपण केलेले वर्णन परिचयाचे आहे. केली यांनी 1972 मध्ये नेमकी हीच जोडी वर्णिली होती: वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे दात. सगळा जोर पुढे येतो, वरच्या कवळीचा पुढचा भाग आत दाबला जातो, तिथले हाड झिजते आणि त्या जागी हलणारी मऊ हिरडी उरते. त्यामुळे वरची कवळी नवीन करून खालची तशीच ठेवली, तर नवीही त्याच वाटेने सैल होईल. आधी खालचा मागचा आधार उभा करावा लागतो.

त्यासाठी खालच्या सुळ्यांच्या मागच्या अंगावर टेकणे घेतली जातात. सुळ्याचे मूळ लांब असते, म्हणून तो भार चांगला पेलतो. कवळीचा मागचा भाग आखूड ठेवू नये. दाढांच्या जागेच्या बाहेरच्या अंगाला, गालाच्या बाजूने, हाडाची एक सपाट फळी असते. तिच्यावरचे हाड टणक असते आणि चावण्याचा भार तिच्यावर जवळपास सरळ येतो. आखूड प्लेट ही फळी सोडून हाडाच्या कडेच्या माथ्यावर बसते, जिथले हाड जाळीदार असते, आणि म्हणून टोचते. कवळी मागे दाढांच्या शेवटच्या उंचवट्यापर्यंत न्यावी आणि तोंड मिटल्यावर पुढचे दात एकमेकांना लागू नयेत, याची काळजी घ्यावी. परवडत असेल, तर मागे दोन्हीकडे एकेक इम्प्लांट बसवून कवळीचे मागचे टोक त्यावर टेकवता येते; मग आधाराच्या दृष्टीने पहिला वर्ग जवळपास तिसऱ्यासारखा वागतो. आईंना साखरेचा आजार असेल तर त्यावर नियंत्रण आहे ना, हे आधी पाहावे लागेल.

परीक्षार्थी_संभाजीनगर

सर, एक प्रश्न राहतो. हिरडी पुष्कळ दबते आणि दात केसभरच दबतो, हे मान्य. मग माप घेताना दोन्ही एकाच वेळी कसे घेणार? अल्जिनेटमध्ये (माप घेण्याच्या लगद्यात) तर हिरडी न दबलेल्या स्थितीत येते.

साचेकार_नांदेड

यासाठी साचा कापायची पद्धत आहे. ती प्रामुख्याने खालच्या जबड्यात वापरतात. आम्ही आधी सांगाडा ओतून देतो. डॉक्टर तो तोंडात नीट बसवून पाहतात आणि त्याच्या मागच्या जाळीवर अ‍ॅक्रिलिकचा ट्रे जोडून, रेस्ट दातांवर दाबून धरत, फक्त मागच्या हिरडीचे माप घेतात. ट्रेवर बोट ठेवायचे नाही. ते माप सांगाड्यासकट परत आले, की मूळ साच्याचा मागचा भाग करवतीने कापून टाकायचा, सांगाडा उरलेल्या दातांवर बसवायचा आणि मागची जागा नव्या मापात दगडी प्लास्टर ओतून भरून काढायची. सांगाडा दातांवर किंचितही उचललेला राहिला, तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून प्लास्टर ओतण्यापूर्वी तो चिकट मेणाने पक्का करतो.

बालाघाट

वर्षभरानंतर परतलेल्या माणसाच्या कवळीची मागची बाजू खाली बसली आहे की नाही, हे पटकन कसे पाहायचे, तेवढे सांगावे.

मांजराकाठ (लातूर)

कवळीच्या मागच्या दाढेवर बोटाने दाबावे आणि पुढच्या टेकणाकडे पाहावे. ते दातावरून उचलले गेले, तर मागचे हाड झिजले आहे. खात्रीसाठी कवळीच्या आतल्या बाजूला पातळ अल्जिनेट लावून, रेस्टवर दाबत कवळी बसवावी. काढल्यावर आत दोनएक मिलिमीटरचा थर उरला, तर रिलाइन करावे, म्हणजे कवळीच्या आत नवा थर भरून ती हिरडीला पुन्हा बसती करावी. ते करतानाही बोटे रेस्टवरच असू द्यावीत. मागच्या दातांवर जोर दिला, तर कवळी झिजलेल्या हाडाबरोबर आणखी खाली जाते, रेस्ट उचललेल्या स्थितीत नवे अ‍ॅक्रिलिक घट्ट होते, आणि रुग्ण परत जाताना आधी होती त्यापेक्षा वाईट कवळी घेऊन जातो.